पळणे आणि धावणे

अशोक विजयादशमीला बुद्धलेणीच्या पायथ्याशी आमच्या मंडळाचा पाण्याचा स्टॉल असतो. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात ही लेणी आहेत. शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले असले तरी आमच्या पिढीच्या तोंडी ते औरंगाबादच आहे. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून पांढऱ्या वस्त्रांतली माणसे पहाटेपासून येतात, आणि पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वरच्या बाजूला पाणी संपल्याचा निरोप आला. तरुण मुले जेवायला गेली होती. आम्ही वीस लिटरचा जार खांद्यावर घेतला आणि निघालो. तीस-चाळीस पायऱ्या कशाबशा चढलो असू. मग छातीत भाता चालू झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि आम्ही जार मांडीवर घेऊन तिथेच बसलो. इतक्यात मागून सत्तरीच्या घरातली एक उपासिका काठी टेकत आली. आमच्याकडे पाहून थांबली. तिने पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली आणि म्हणाली, "घे बाबा, दोन घोट घे." आमच्या मांडीवर वीस लिटर पाणी होते आणि आम्ही त्या आजीच्या बाटलीतले पाणी पीत होतो! पाहणारी माणसे हसली. आम्हीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब निघाला १५० आणि १००. साखर काठावर. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, हृदयाची तपासणी करून घेतली आणि विचारले, "काम काय करता?" आम्ही म्हणालो, "दिवसा कारकुनी, संध्याकाळी समाजकार्य." ते म्हणाले, "म्हणजे दिवसा खुर्चीवर, आणि संध्याकाळी सतरंजीवर."

ते खरेच होते. कार्यकर्त्याचा दिवस कसा जातो हे वाचकांना सांगायला नको. बैठक रात्री नऊची ठरते, सुरू साडेदहाला होते. मध्ये चार कप चहा, भजी, वडापाव. घरी येऊन रात्री बाराला जेवण. मोर्चा असला की चालणे होते, पण मोर्चा वर्षातून किती वेळा? गेल्या काही वर्षांत पन्नाशी न गाठलेल्या कितीतरी कार्यकर्त्यांच्या शोकसभांना आम्ही उभे राहिलो. दोन मिनिटे स्तब्ध राहिलो, "समाजाची न भरून येणारी हानी" असे बोललो, आणि बाहेर येऊन पुन्हा भजी खाल्ली.

बाबासाहेबांचे चरित्र आपण त्यांच्या विद्वत्तेसाठी आणि संघर्षासाठी वाचतो. पण मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांना अखेरच्या वर्षांत किती छळले, ती पाने आपण भराभर उलटतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंच्या समोर ते उभे राहिले ते काठीच्या आधाराने. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय अवघे ६५. त्यांना स्वतःच्या शरीराकडे पाहायला वेळ मिळाला नाही, कारण ते आपल्या कामात होते. त्यांच्यामुळे आपल्याला खुर्ची मिळाली, पगार मिळाला, रविवारची सुट्टी मिळाली. मग आपल्याला वेळ नाही, हे आपण कोणत्या तोंडाने सांगायचे?

तरीही व्यायाम म्हटले की आमच्या मनात एक अढी होती. आमचे वडील मोंढ्यात हमाल होते. क्विंटलचे पोते पाठीवर घेऊन ते फळीवरून ट्रकमध्ये चढत. अंग राबवायचे ते पोटासाठी, असे त्यांचे साधे गणित होते. कामाशिवाय घाम गाळणे हा भरल्या पोटाच्या माणसांचा शौक, असे आम्हीही मानत आलो. वडिलांचे शरीर कामाने झिजले आणि आमचे कामावाचून गंजले, हे लक्षात यायला आम्हाला चाळिशी ओलांडावी लागली.

पहिले तीन आठवडे आम्ही फक्त चाललो. पहाटे साडेपाचला उठून विद्यापीठाच्या आवारात अर्धा तास. चालणे जमले, तेव्हा धावावेसे वाटले. त्या आवारात पहाटे भरतीची तयारी करणारी पोरे असतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी खेड्यांतून येऊन खोली करून राहिलेली ही लेकरे अंधारात घाम गाळत असतात. एका सकाळी त्यांच्यामागे आम्हीही सुटलो. कसे धावायचे हे कुठे माहीत होते? जेवढे जोरात पाय उचलतील तेवढे उचलले. दोनशे मीटरही झाले नसतील, आम्ही एका लिंबाच्या झाडाला मिठी मारून उभे होतो. पोटात कळ आली होती आणि पाय लटपटत होते.

एक मुलगी थांबली. वीस-एकवीस वर्षांची असेल. "जय भीम काका. पहिल्यांदाच पळताय का?"

आम्ही नुसती मान हलवली. बोलायला श्वास नव्हता.

"तुम्ही लई जोरात पळता काका. हळू पळा. पळताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं, की समजायचं आपला वेग जास्ती झाला."

"इतक्या हळू पळायचं तर चाललेलं काय वाईट?"

"मग चाला ना. थोडं पळा, थोडं चाला. आम्ही पण असंच चालू केलं होतं."

आमच्या मुलीच्या वयाच्या त्या पोरीने आम्हाला जे शिकवले, त्यातच सगळे आले. त्या दिवसापासून रस्त्यावरचे विजेचे खांब आमचे गुरुजी झाले. एक खांब धावायचे, तीन खांब चालायचे. असे आठ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. बोलता येते का, हे पाहण्यासाठी आम्ही मनातल्या मनात नव्हे, तर पुटपुटत त्रिशरण म्हणत असू. मध्येच श्वास तुटला की वेग कमी करायचा. दोन आठवड्यांनी एक खांब धावणे आणि दोन चालणे. मग दोन धावणे, दोन चालणे. आमच्या भागात ज्या दिवशी नळाला पाणी येई, त्या दिवशी धावण्याला सुट्टी. "अहो, तुम्ही पळत राहा, हंडे कोण भरणार?" हा सौभाग्यवतींचा प्रश्न बिनतोड होता.

कारकुनाला नोंदीशिवाय चैन पडत नाही. एका जुन्या वहीत आम्ही तारीख, धावलेले खांब, चाललेले खांब आणि श्वास कसा होता, असे रकाने आखले. वाणिज्य शाखेची पदवी घेताना भांडवल कसे उभे राहते ते शिकलो होतो. ते इथे खरे कळले. दम ही बँकेतल्या आवर्ती ठेवीसारखी गोष्ट आहे. दर महिन्याला थोडी रक्कम भरायची. एका दिवसात ती दुप्पट होत नाही आणि महिनाभर भरली नाही, म्हणून सगळी बुडतही नाही. डॉक्टरांनी त्यामागचे कारण सांगितले. संथ, पण नेमाने धावल्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि रक्तातला प्राणवायू वापरायला स्नायू शिकतात. म्हणून महिन्यापूर्वी ज्या खांबाशी धाप लागत होती, तो खांब केव्हा मागे गेला हे कळत नाही.

फेब्रुवारीत एक दिवस आम्ही आवारातून न थांबता घरापर्यंत धावत आलो. गल्लीत शिरलो तेव्हा आनंदाने पाय हलके झाले होते. ओट्यावर माय बसली होती. आम्हाला धावत येताना पाहून ती एकदम उठली. तिच्या हातातले तांदळाचे सूप खाली पडले. रस्ताभर तांदूळ झाला.

"काय झालं? पळत कामून आला? कोण लागलं मागं?"

"कोणी नाही माय. व्यायाम करतोय."

तिने आमच्या खांद्यावरून गल्लीच्या टोकाकडे पाहिले. कोणी नव्हते. तरी बराच वेळ ती तिकडेच पाहत राहिली. मग खाली बसून तांदूळ वेचू लागली. तिचे हात कापत होते.

वाचकहो, आमचे मूळ गाव परभणी जिल्ह्यातले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. त्या वेळी आम्ही चार महिन्यांचे होतो. एका रात्री आमच्या वस्तीलाही आग लागली. मायने आम्हाला छातीशी धरले आणि ती कमरेएवढ्या ज्वारीतून पळत सुटली. पावसाचे दिवस, काळे रान, पाय चिखलात रुतत होते. लेकराचा आवाज जाऊ नये म्हणून तिने पदराचा बोळा आमच्या तोंडावर धरला होता. "पळता पळता वाटायचं, लेकरू गुदमरून जातं का काय," असे ती कधीतरी सांगायची, आणि तिथेच थांबायची. पहाटे ती मावशीच्या गावी पोचली. वडील तीन दिवसांनी सापडले. त्यानंतर ते गाव सुटले ते सुटलेच. वडिलांनी शहरात येऊन मोंढ्यात पाठ दिली.

आम्ही ही हकीकत लहानपणापासून ऐकत आलो. भाषणांतही सांगितली. पण आमच्या घरात पळणे या शब्दाचा अर्थ काय आहे, हे सांडलेले तांदूळ पाहून कळले. आमच्या बोलीत धावायलाही पळणेच म्हणतात आणि जीव घेऊन निसटण्यालाही पळणेच म्हणतात. मायच्या आयुष्यात त्यातला एकच अर्थ आला होता. आपल्यापैकी किती घरांत असेच असेल! जो माणूस पळतो, त्याच्यामागे कोणीतरी असते. मग तो जमाव असो, मुकादम असो, पोलीस असो की सावकार.

आम्ही आठ दिवस गेलो नाही. म्हाताऱ्या आईला घाबरवून असला व्यायाम कशाला, असे वाटले. नवव्या दिवशी पहाटे मायनेच हाक मारली. "आज जायचं नाही का? बूट कवापासून कोपऱ्यात पडले."

"तुला भ्या वाटतं ना."

"मला वाटतं. पर तुला तर वाटत नाही ना? जा मग."

इतकेच बोलून ती चुलीकडे वळली. आम्ही बूट घातले. त्या दिवशी खांब मोजले नाहीत.

यापुढे सगळे सुरळीत झाले असे नाही. उत्साहाच्या भरात आम्ही एप्रिलमध्ये एकदम रोज धावू लागलो आणि अंतरही वाढवले. दम साथ देत होता, म्हणून वाटले की पायही देतील. दोन आठवड्यांत नडगीत अशी कळ सुरू झाली की जिना उतरताना भिंत धरावी लागे. श्वास लवकर तयार होतो, पण हाडे आणि स्नायूबंध सावकाश तयार होतात, हे आम्हाला माहीत नव्हते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ठेव होती त्यापेक्षा जास्त रक्कम आम्ही उचलली होती. तीन आठवडे घरी बसलो. "पन्नाशी आली आता, हे पोरांचे खेळ सोडा," असे सांगणारे सहकारी कार्यालयात होतेच.

त्या दिवसांत रविवारच्या वंदनेनंतर विहारात भन्तेजींनी सोण नावाच्या भिक्षूची गोष्ट सांगितली. जणू आमच्याकडे पाहूनच सांगितली. सोण हा श्रीमंत घरात लाडाकोडात वाढलेला तरुण. राजगृहाजवळ तो साधना करीत होता. चंक्रमण करता करता त्याचे तळपाय फुटले आणि वाट रक्ताने भिजली. तरी मन मुक्त होईना. शेवटी परत घरी जावे, असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला रागावले नाही. तो पूर्वी चांगली वीणा वाजवत असे. त्यांनी त्याला वीणेबद्दलच विचारले. तार फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल सोडली तर लागतो का? सोण दोन्ही वेळा नाही म्हणाला. प्रयत्नाचेही तसेच आहे, असे तथागतांनी त्याला समजावले. भन्तेजींनी आणखी एक सांगितले. चंक्रमणाचे पाच लाभ तथागतांनी सांगितले आहेत. माणूस प्रवासाला समर्थ होतो, परिश्रमाला समर्थ होतो, आजार कमी होतात, अन्न पचते आणि त्यातून मिळालेली एकाग्रता टिकते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे बोल आणि आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी यांत काय फरक आहे?

मे महिन्यात पुन्हा तीन दिवसांवर आलो. ऊन चढायच्या आत, सहाला घराबाहेर आणि सातच्या आत घरात. एका आठवड्यात मागच्या आठवड्यापेक्षा दहाव्या हिश्श्याहून जास्त अंतर वाढवायचे नाही, असा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. पावसाळ्यात अर्धा तास न थांबता धावू लागलो. वेग विचाराल, तर भरतीच्या पोरांनी आम्हाला प्रत्येक फेरीत मागे टाकले. पण जाताना "काका, भारी!" असे ओरडून टाकले.

आत्मविश्वास म्हणजे काय, यावर आम्ही युवक शिबिरांत व्याख्याने दिली आहेत. तो भाषणाने येतो, असे तेव्हा वाटे. आता वाटते की तो वहीतून येतो. काल जे जमत नव्हते ते आज जमले, हे आपल्याच अक्षरात लिहिलेले पाहिले की दुसऱ्याच्या शाबासकीची गरज राहत नाही. गोळी अजून चालू आहे, पण रक्तदाब आता आटोक्यात असतो. रात्रीच्या बैठका आम्ही आग्रह धरून साडेनऊपर्यंत संपवतो. सुरुवातीला लोक कुरकुरले. मग बायाबापड्याही बैठकीला येऊ लागल्या, कारण वेळेत घरी जाता येते. हा फायदा आमच्या हिशेबात नव्हता.

पुढच्या अशोक विजयादशमीला वीस लिटरचा जार घेऊन आम्ही लेणीच्या पायऱ्या चढलो. मध्ये दोनदा उभे राहिलो, पण बसलो नाही. ती बाटलीवाली आजी दिसते का, म्हणून गर्दीत पाहिले. दिसली नाही. जिथे असेल तिथे सुखी असो.

त्यानंतर १४ जानेवारी आला. १९९४ साली याच दिवशी विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले. त्यासाठी पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारख्यांचे प्राण गेले, घरे जळाली. १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून हजारो माणसे पायी लाँग मार्चला निघाली. दरवर्षी या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर जनसागर लोटतो. आम्ही गर्दी होण्याआधी, पहाटे, घरातून निघालो. मोबाइलने मोजलेले अंतर ४ किलोमीटर. थंडी होती. त्रिशरण पुटपुटत, हळूहळू, न थांबता आम्ही त्या गेटपर्यंत धावलो. त्या गेटवरच्या नावासाठीच मायला पळावे लागले होते. आम्ही त्याच नावाच्या दिशेने धावत आलो, आणि पाठीमागे कोणी नव्हते. कमानीखाली उभे राहून आम्ही वर पाहिले, तेव्हा धाप लागली होती की हुंदका होता, ते आम्हालाही सांगता येणार नाही.

तासाभराने सौभाग्यवती मायला रिक्षातून घेऊन आल्या. माय नवे पांढरे लुगडे नेसली होती. तिने आमच्या घामेजल्या शर्टाकडे पाहिले.

"घरापासून पळत आला?"

"हो."

"कुठं थांबला नाही?"

"नाही माय."

तिने पदराने आमचे तोंड पुसले. त्याच पदराने, असे लिहायचा मोह होतो. पण तो पदर केव्हाच फाटून गेला. "चल," ती म्हणाली, "वंदन करू."

धम्मबंधू आणि भगिनींनो, चाळिशी उलटली म्हणजे सगळे संपले असे समजू नका. रक्तदाब, साखर, छातीचे दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. साधे, पण पायाला बसणारे बूट घ्या. महागड्या कपड्यांची गरज नाही. आधी चाला, मग एक खांब धावा. बोलता येईल इतक्याच वेगाने. आठवड्यातून तीन दिवस. लोक हसतील, दोन आठवड्यांनी थकतील. घरातल्या बायकांचे पाणी-स्वयंपाकाचे काम वाटून घ्या, म्हणजे त्यांनाही अर्धा तास मिळेल. आमच्या सौभाग्यवती आता आठवड्यातून तीन दिवस चालायला जातात, आणि त्या दिवशी हंडे आम्ही भरतो.

आपली चळवळ भाषणांवर कमी आणि पायांवर जास्त चालली. महाडला १९२७ साली आपली माणसे चालत चवदार तळ्यावर गेली. ते पाय आपल्याला वारशाने मिळाले आहेत. त्यांना गंज चढू देऊ नका. जय भीम.